रनिंग कमी, वय जास्त: जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची की सोडायची?

गाडी बावीस वर्षांची होती आणि मीटरवर ११,४०० किलोमीटर. सीटला सुरकुती नाही, पॅडलचं रबर कोरं, रंगात तोंड दिसावं. मालक म्हणाला, "हिला फार जपलंय हो आम्ही, पावसात कधी बाहेर काढली नाही." मी वाकून टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचले. कारखान्यातून आलेलेच टायर होते ते. खोबणी अगदी नव्यासारखी, पण नख दाबलं तर रुतत नव्हतं, इतकं रबर वाळलेलं. मग ब्रेक ऑइल कधी बदललं हे विचारलं, तर मालक गोंधळला. "गाडी चाललीच नाही, तर बदलायचं कशाला?"

ती गाडी मी सोडली. पुढे त्याच मॉडेलची ६८,००० चाललेली घेतली आणि अजून पस्तावलो नाही. तरीही कमी रनिंगची गाडी कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. मीटर फक्त झीज मोजतो, वय मोजत नाही. वयाचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो. तो मी कोणत्या क्रमाने मांडतो, ते पुढे लिहितो आहे.

पायरी १: चालवायची आहे की ठेवायची आहे?

हा प्रश्न गाडी बघायला जाण्याआधी सोडवा. गाडी समोर आली की माणूस स्वतःशी खोटं बोलतो.

कमी रनिंगच्या गाडीला जे जादा पैसे पडतात, ते न चाललेल्या किलोमीटरांचे असतात. तुम्ही वर्षाला पाच-सहा हजार चालवणार असाल, तर ११,००० ची गाडी दोन वर्षांत २२,००० वर जाते आणि ज्यासाठी जादा मोजले ते तुम्हीच खर्चून टाकता. त्यात गैर काही नाही, गाडी चालवण्यासाठीच असते. पण मग तेवढ्या पैशांत वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली, ५०–७० हजार चाललेली गाडी बघायला हवी होती, कारण चालवायला बहुधा तीच जास्त गोड लागते.

ठेवायची असेल, म्हणजे वर्षाला पाचशे-हजार किलोमीटर आणि बाकी वेळ निगा, तर हिशेब उलटा होतो. मग तुम्ही अस्सलपणा विकत घेत असता. मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ काचा, सोबतची हत्यारं, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस पुस्तिका या सगळ्याला किंमत असते. असा खरेदीदार एखादा भाग बदलतो, तेव्हा काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो.

पायरी २: आकडा खरा आहे का

मीटर पाडणं, म्हणजे आकडा खोटा कमी दाखवणं, ही जुनी कला आहे. केबलवरच्या मीटरची केबल काढून गाडी वर्षभर फिरवता येते, आणि डिजिटल मीटर लॅपटॉप लावून बदलता येतो. म्हणून मी मीटरवरच्या आकड्याला मालकाचं म्हणणं एवढीच किंमत देतो, आणि पुरावा कागदांत शोधतो.

सर्व्हिसची बिलं, दरवर्षीची तपासणी प्रमाणपत्रं, विमा, टायरची पावती, जिथे जिथे तारखेसोबत किलोमीटर लिहिलेत ते सगळे एका कागदावर क्रमाने उतरवा. आकडा कुठे मागे गेला तर विषय संपला. आकडा बरोबर चढत असेल, पण मध्येच सात वर्षांत कसलीच नोंद नसेल, तर ती सात वर्षं वर्तुळ करून ठेवा, पुढच्या पायरीत लागतील. गाडी बाहेरून आयात झालेली असेल तर मैल आणि किलोमीटर यांची गल्लत नाही ना तेही बघा. १०,००० मैल म्हणजे १६,००० किलोमीटरहून जास्त. आणि जुन्या काही गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे तिथे ११,४०० चा अर्थ १,११,४०० सुद्धा असू शकतो.

१९९० च्या दशकाच्या शेवटापासूनच्या कित्येक गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर एकूण किती तास इंजिन चाललं हे नोंदवतो. पोर्शेमध्ये तर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं गेलं तेही निघतं. स्कॅनर लावून तास वाचा आणि किलोमीटरला तासांनी भागा. ११,४०० किलोमीटर आणि २९० तास असतील तर सरासरी वेग ताशी ३९ येतो, पटण्यासारखा. तास ११०० निघाले तर सरासरी जेमतेम १० येते. मग एक तर गाडी नुसती उभ्या उभ्या गुरगुरत ठेवली जायची, नाही तर मीटर पाडलाय. दोन्ही उत्तरं वाईटच. काही गाड्यांत किलोमीटरचा आकडा दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्ये आणि किल्लीतही साठवलेला असतो. त्या मॉडेलचा जाणकार तो काढून देतो.

अंगावरची झीजही बोलते. चालकाच्या सीटची दाराकडची उशी, स्टिअरिंगचं कातडं जिथे हात टेकतो तिथला तुकतुकीतपणा, समोरच्या काचेवर उन्हात दिसणारे बारीक टवके. ११,००० च्या गाडीला पॅडलचं रबर *नवं कोरं* बसवलेलं दिसलं, तर ते जुनं दिसण्यापेक्षा जास्त संशयास्पद.

पायरी ३: चालली का नाही?

आकडा खरा ठरला की लोक निवांत होतात. मी इथेच सर्वांत जास्त वेळ घालवतो.

दोन गाड्या घ्या. दोन्ही बावीस वर्षांच्या, दोन्ही ११,४०० चाललेल्या. पहिली दरवर्षी पाचशे-सहाशे किलोमीटर फिरली, प्रत्येक वेळी इंजिन पुरतं तापेपर्यंत, आणि वर्षातून एकदा तिचं ऑइल बदललं गेलं. दुसरी पहिल्या तीन वर्षांत अकरा हजार पळाली आणि मग एकोणीस वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. मीटर दोघींचा सारखाच आहे. पहिली मी उद्या घेईन. दुसरी घेण्याआधी तिच्या इंजिनात कॅमेरा घालून बघेन. तुम्ही मघाशी उतरवलेला कागद यातली कुठली तुमच्या समोर आहे ते सांगतो.

मालकाला सरळ विचारा: का नाही चालवली? परदेशी गेलो, पाठदुखी सुरू झाली, घरात आणखी तीन गाड्या आहेत, वडील गेले आणि गाडी तशीच राहिली, ही माणसांची कारणं आहेत. "मध्ये थोडं काम निघालं, मग राहूनच गेलं" हे मात्र गाडीचं कारण आहे. काय काम निघालं, कोणी बघितलं, किती खर्च सांगितला आणि तो का केला नाही, हे पूर्ण खणून काढा. उभ्या केलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच अशाच असतात: एक महागडं काम दारात आलं आणि मालकाने दार लावून घेतलं.

आणखी एक उत्तर वारंवार ऐकू येतं आणि ते अभिमानाने दिलं जातं: "दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवायचो." ऐकून बरं वाटतं, पण इंजिनाला याच्याइतकं वाईट फार थोडं असेल. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत ते सायलेन्सरमध्ये साचतं, ऑइलमध्ये उतरतं, आणि पुढचा आठवडाभर आतून गंज चढवत बसतं. बॅटरीही तेवढ्यात नीट भरत नाही. यापेक्षा वर्षभर अजिबात न सुरू केलेली, पण बॅटरी चार्जरवर आणि टाकी भरून ठेवलेली गाडी परवडली.

पायरी ४: उभ्या गाडीत काय काय सडतं

*टायर.* भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. खोबणी कितीही असो, दहा वर्षांपुढचा टायर बदलायचाच, आणि वेगवान गाडीत मी सहा वर्षांनंतरच संशय घ्यायला लागतो. ३० नोव्हेंबर २०१३ ला पोर्शे कॅरेरा जीटीच्या ज्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र गेले, त्यात तपासाने दोष वेगाला दिला, पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते हेही नोंदलं. सहाशेच्या वर अश्वशक्तीची गाडी आणि वाळलेलं रबर.

*ब्रेक ऑइल.* हे हवेतलं पाणी ओढतं, गाडी चालो न चालो. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरल्यावर ती किमान मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात सलग ब्रेक लावले की ते आत उकळतं आणि पॅडल खाली जातं. शिवाय कॅलिपरचे, म्हणजे चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन गंजून अडकतात ते वेगळंच.

*टायमिंग बेल्ट.* इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवायला ज्या इंजिनात साखळीऐवजी पट्टा आहे तिथे वर्षं मोजायची, किलोमीटर नव्हे. पट्टा तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. फेरारीच्या एफ३५५ मध्ये या कामासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. पुढच्या ३६० मॉडेनात सीटमागचं झाकण काढून केबिनमधून हात जातो, आणि एफ४३० पासून साखळी आली. म्हणजे एकाच घराण्यातल्या तीन गाड्यांत या एका कामाच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. तुमच्या मॉडेलचं हे आधी माहीत करून घ्या.

*पेट्रोल.* काही महिन्यांत ते शिळं होतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर पाणी ओढतं, पुरेसं पाणी झालं की थर वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी गंज धरतो. मग इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटर चिकटतात. टाकीचं झाकण उघडून नुसता वास घ्या. शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा उग्र वास येतो, एकदा ओळखलात की विसरत नाही.

*रबर आणि सील.* होज, बुश, दाराची रबरं, क्रँकशाफ्टची सील, एसी कॉम्प्रेसरची सील हे सगळं ऑइलने ओलं आणि हलतं राहिलं तर टिकतं. कित्येकदा गाडी बघायला जाता तेव्हा कोरडी ठणठणीत असते आणि घरी आणून पाचशे किलोमीटर चालवली की चार ठिकाणी पाझरायला लागते. विकणारा खोटं बोललेला नसतो, त्याने चालवलेलीच नसते.

*एअरबॅग.* ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडत होतं आणि स्फोटात धातूचे तुकडे उडत होते. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. कमी चाललेली गाडी सर्व्हिसलाच जात नाही, म्हणून तिचं हे काम राहून गेलेलं असण्याची शक्यता जास्त. चासी नंबरवरून रिकॉल तपासता येतो, पाच मिनिटांचं काम आहे.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटणं, उंदरांनी वायरिंग कुरतडणं, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, हे ठरलेलंच. आणि एक फारसं कुणी सांगत नाही असं: १९९० नंतरच्या कित्येक इटालियन गाड्यांतली मऊ लेप दिलेली बटणं वयानुसार वितळल्यासारखी चिकट होतात. हात लावला की बोटाला गुळाच्या पाकासारखी लागतात. एकही किलोमीटर न चालता.

शिवाय प्रत्येक मॉडेलचं स्वतःचं एक दुखणं असतं. १९९७ ते २००५ च्या पोर्शेच्या बऱ्याच बॉक्स्टर आणि साध्या ९११ मध्ये इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा चिंतेचा विषय आहे, आणि कमी किलोमीटर त्यापासून वाचवत नाही. माझदाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ चं रोटरी इंजिन थंड असताना सुरू करून लगेच बंद केलं तर पेट्रोलने बुडून बसतं, म्हणजे गॅरेजातून काढून-लावून ठेवलेली गाडी तिथे आणखीच वाईट, आणि तिचं कॉम्प्रेशन रोटरीसाठीच्या वेगळ्या यंत्राने मोजावं लागतं. माझदाच्याच पहिल्या पिढीच्या उघड्या छताच्या एमएक्स-५ मध्ये छताच्या पाण्याची भोकं तुंबली की दाराखालचा पत्रा आतून खातो.

पायरी ५: बघायला जाताना

आदल्या दिवशी सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर का ते विचारा. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं.

सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन खाली बघा, गालिचा उचलून ओल आहे का बघा, ऑइलची काडी काढा, ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पांढरट साय आहे का पाहा. मग सुरू करायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. क्षणभर निळा धूर निघाला आणि थांबला तर काही इंजिनांत चालून जातं. निघतच राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. ऑइलचा दिवा किती सेकंदांनी विझला ते मनात मोजा.

पंखा स्वतःहून सुरू होईपर्यंत उभी चालू ठेवा, मगच रस्त्यावर काढा, आणि दहा मिनिटांची चक्कर नको, किमान अर्धा-पाऊण तास. पहिले काही किलोमीटर चौकोनी चाकासारखं धडधडलं तर टायर एका जागी बसलेत. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो का, वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही असं होतं का, ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते का हे बघा. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता तळवा धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं तापलं असेल तर तो कॅलिपर अडकलाय. शेवटी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला कटकट करणाऱ्या गाड्या इथे पकडल्या जातात.

पायरी ६: जाणकाराचा डोळा

इथवर गाडी पास झाली, तर त्या मॉडेलवर रोज काम करणारा स्वतंत्र मेकॅनिक गाठा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. गाडी लिफ्टवर, स्कॅनर, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी. लीक-डाउनमध्ये सिलिंडरात दाबाने हवा भरून ती किती निसटते ते मोजतात; दहा टक्क्यांच्या आत गळती असली तर उत्तम, वीसच्या पुढे गेली तर कारण शोधायलाच हवं. बरीच वर्षं उभी असलेल्या गाडीत प्लग काढून आत बारीक कॅमेरा घालायला सांगा. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची रेघ दिसली तर पुढचं काही बघायची गरज नाही.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र पत्र्यावर कामाचं आहे, पण लोटस एलिस किंवा कॉर्व्हेटसारख्या फायबरच्या अंगावर साधं यंत्र काही सांगत नाही. तिथे फटी आणि स्क्रूच बघावे लागतात.

मालक तपासणीला नाही म्हणाला, तर चहा पिऊन निघा.

पायरी ७: जागं करायचा हिशेब

एका कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात *नक्की* कामं: टायर, सगळी तेलं आणि पाणी, बेल्ट असेल तर तो, बॅटरी, फिल्टर, ब्रेकचे होज. दुसऱ्यात *संभवणारी*: कॅलिपर, क्लच, पेट्रोल पंप, इंजेक्टर, गळणाऱ्या सील. प्रत्येकासमोर त्या मेकॅनिककडून आकडा घ्या. आकडा घेतानाच तो भाग अजून मिळतो का तेही विचारा. कमी संख्येने बनलेल्या गाड्यांचे काही भाग बंद झालेले असतात, आणि तिथे पैसे असूनही गाडी उभी राहते.

मी नक्कीचा रकाना पूर्ण धरतो आणि संभवणाऱ्याचा निम्मा. समजा त्याच मॉडेलची नीट चालवलेली, नीट सांभाळलेली गाडी १०० ला मिळते आणि ही कमी रनिंगची १४० मागते. नक्की कामं १२, संभवणारी १६, त्यातली निम्मी ८. म्हणजे ही खरी १६० ची. आता प्रश्न नेमका होतो: ६० जादा देऊन मला काय मिळतंय? ठेवणाऱ्याला उत्तर असू शकतं. चालवणाऱ्याला मी अजून पटेल असं उत्तर ऐकलेलं नाही, मात्र मालक ११० वर यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी. घासाघीस करताना भावावर बोलू नका, हा कागदच पुढे सरकवा. "गाडी चालली नाही, बदलायचं कशाला" म्हणणाऱ्या मालकाला टायरवरचं साल आणि मेकॅनिकचा आकडा शेजारी शेजारी दिसले की सूर बदलतो.

पायरी ८: घेतल्यावर

घरी चालवत आणू नका, ट्रेलरवर आणा, निदान टायर आणि ब्रेक ऑइल बदलेपर्यंत तरी. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल, नवं इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट, प्लग. पहिले शंभर किलोमीटर घराच्या आसपास, प्रत्येक फेरीनंतर खाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय त्यावर तारीख लिहा. इंजिन ताणायचं नाही, पण दर वेळी पुरतं तापवायचं. पाचशेला ऑइल परत बदला. पहिल्या खेपेचं ऑइल फेकण्याआधी फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात धरा. काळा चिखल असेल तर चालेल, पण चकाकणारी कणी दिसली तर गाडी तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा.